सुरीसाठी टंगस्टनचे पोलाद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. माझा यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि गेली तीन वर्षे मी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातील सुऱ्या हाताने घडवतो. आजवर ओएचएनएस (तेलात कठीण होणारे हत्यारांचे पोलाद) आणि ईएन-३१ (बेअरिंगचे पोलाद) या दोनच पोलादांवर काम केले. माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. दिवाळीला येताना तो १.२५१९ या क्रमांकाच्या पोलादाची तीन मिलिमीटर जाडीची पट्टी आणून देऊ शकतो. इथे मी ज्यांना विचारले, त्यांपैकी कोणीही हे नाव ऐकलेले नाही. मित्र म्हणतात की डी-२ हे भरपूर क्रोमियमचे पोलाद आपल्याकडे सहज मिळते आणि अधिक टिकते, तेव्हा परदेशी पट्टीची उठाठेव कशाला? माझ्याकडे सध्या कोळशाची भट्टी आहे, तापमान नेमके राखता येणारी बंद मफल भट्टी घेण्याचा विचार आहे. हे पोलाद घ्यावे का, आणि घेतले तर त्याला पाणी कसे द्यावे, म्हणजे तापवून-बुडवून कठीण कसे करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पट्टी अवश्य मागवा, मात्र मफल भट्टी आधी येऊ द्या आणि पट्टी नंतर. या पोलादाचा सगळा गुण तापमानाच्या वीस-तीस अंशांच्या पट्ट्यात दडलेला आहे, आणि तो पट्टा कोळशाच्या भट्टीत हाती लागणे फार कठीण आहे.

प्रथम या क्रमांकाचा अर्थ पाहू, कारण अनोळखी पोलाद निवडताना त्याचे नाव वाचता येणे हीच पहिली विद्या आहे. १.२५१९ हा जर्मन यादीतील अनुक्रमांक असून त्याच पोलादाचे दुसरे, अधिक बोलके नाव ‘११०-डब्ल्यू-सीआर-व्ही-५’ असे आहे. सुरुवातीचा ११० हा आकडा कार्बन दाखवतो. त्याला शंभराने भागले की १.१० टक्के मिळतात. पुढची अक्षरे मिश्रधातूंची, म्हणजे टंगस्टन, क्रोमियम आणि व्हॅनेडियम यांची आहेत. शेवटचा ५ हा पहिल्या मिश्रधातूचा असून टंगस्टनच्या बाबतीत त्याला चाराने भागायचे असते, म्हणून टंगस्टन सुमारे सव्वा टक्का. क्रोमियमही जवळपास तेवढेच आणि व्हॅनेडियम साधारण ०.२ टक्के असते. (टंगस्टनसाठी डब्ल्यू हे अक्षर त्याच्या ‘वोल्फ्राम’ या जर्मन नावावरून आले, ‘टंगस्टन’ हा शब्द मात्र स्वीडिश असून त्याचा अर्थ जड दगड असा आहे.) याच पद्धतीने आपले ईएन-३१ वाचून पाहा. जर्मनीत ते ‘१००-सीआर-६’ आहे, म्हणजे कार्बन १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. दोन्ही नावे शेजारी ठेवली की लक्षात येते की आपण ज्याला परके समजत होतो, ते आपल्या बेअरिंगच्या पोलादाचे टंगस्टन घातलेले भावंड आहे. ईएन या अक्षरांविषयीही येथेच सांगतो, कारण पुष्कळांना ती युरोपीय मानकाची वाटतात. आपल्या बाजारातील ईएन-३१, ईएन-४५ ही नावे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, ब्रिटनमध्ये ठरवलेल्या आणीबाणीच्या क्रमांकांची आहेत आणि ती आपल्याकडे अजून टिकून आहेत.

टंगस्टन पोलादात घालण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी १८६८ च्या सुमारास लेथवर धातू कापणाऱ्या हत्यारांसाठी टंगस्टनयुक्त पोलाद बाजारात आणले, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर व व्हाइट यांनी त्याच वाटेवरचे हाय स्पीड स्टील लाल होईपर्यंत तापलेल्या अवस्थेतही कापून दाखवले. सुरीला अशा उष्णतेत काम करायचे नसते, तरी तिला टंगस्टनचा उपयोग दोन प्रकारे होतो. टंगस्टनमिश्रित कार्बाइडचे (धातू आणि कार्बन यांच्या संयुगाचे) कण साध्या लोह-कार्बाइडपेक्षा कठीण असतात, त्यामुळे धार घासली जाण्यास वेळ लागतो. दुसरे म्हणजे हे कण, आणि त्यांच्या जोडीला व्हॅनेडियमचे कण, तापवताना सहजासहजी विरघळत नाहीत आणि पोलादाचा दाणा, म्हणजे आतले स्फटिक, मोठा होऊ देत नाहीत. माझ्या मते सुरी करणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा गुण पहिल्याहून मोलाचा आहे, कारण बारीक दाण्याचे पोलाद अधिक कठीण ठेवले तरी लगेच तडकत नाही, आणि कठीण ठेवता आले तरच पाते खऱ्या अर्थाने पातळ करता येते. जपानमधील स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी नावाजलेले आओगामी, म्हणजे ‘निळा कागद’, याच कुळातले आहे. त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकारात १ ते १.५ टक्के टंगस्टन असते. निळेपणा पोलादाचा नसून त्याला गुंडाळण्याच्या कागदाचा आहे.

आता आपल्या मित्रांच्या डी-२ विषयी. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बाजारात ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणतात त्या गटातील या पोलादात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, आणि दोर, पुठ्ठा, चामडे कापण्यात ते खरोखरच चिवटपणे टिकते. परंतु त्यातील क्रोमियम कार्बाइड द्रवरूप पोलाद गोठतानाच तयार होतात आणि त्यांतले मोठे कण वीस-तीस मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतात, तर चांगल्या लावलेल्या धारेची टोकाची जाडी जेमतेम एक मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी असते. एवढ्या पातळ कडेवर एवढा मोठा कण बसला की त्याला मागून आधार राहत नाही. तो निखळतो आणि कडेला खाच पडते. जाड पात्याला आणि मोठ्या कोनाला हे चालून जाते. कांदा कागदासारखा पातळ चिरायला जी सुरी हवी, तिला चालत नाही. डी-२ वर धार लावणे किती जिकिरीचे असते, हेही विचारात घ्या. घरातील साध्या दगडावर ते दाद देत नाही, आणि जी सुरी घरातल्या माणसाला स्वतः पाजळता येत नाही ती फडताळात पडून राहते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मात्र एक गोष्ट मनापासून सांगतो. ईएन-३१ आणि १.२५१९ या दोघांना समान कठीणपणा दिला आणि दोघांचे पाते सारखेच घासले, तर फरक जाणवेल पण थोडा जाणवेल. आपल्या हातची ईएन-३१ ची सुरी आठ दिवसांत बोथट होत असेल, तर दोष बहुधा पोलादाचा नसून तापमानाचा किंवा पात्याच्या जाडीचा आहे, आणि नवी पट्टी तो दोष दूर करणार नाही. म्हणून मफल भट्टी आल्यावर पहिल्या दोन-तीन सुऱ्या आपल्या ओळखीच्या ईएन-३१ च्याच करा. त्या मनासारख्या उतरल्या की मग जर्मन पट्टीला हात घाला.

पाणी देण्याची रीत आता सविस्तर सांगतो. आपण ‘पाणी देणे’ म्हणतो खरे, पण या पोलादाला पाणी चालत नाही, तेल लागते. पाण्यात पाते वाकते किंवा तडकते. कारखान्यातून आलेली पट्टी नरम केलेल्या अवस्थेत असते आणि तिच्यातील कार्बाइड गोल, बारीक व सारखे विखुरलेले असतात, तेव्हा ती न ठोकता केवळ कापून-घासून सुरी करायची असेल, तर तशीच थेट हार्डनिंगला, म्हणजे तापवून बुडवून कठीण करायला, घेता येते. पट्टी ऐरणीवर ठोकली, तर ही रचना मोडते. मग ठोकताना तापमान १०५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये आणि ते ८५० च्या खाली उतरल्यावर घण मारू नये, आणि नंतर नॉर्मलायझिंग (तापवून हवेत निववणे) व ॲनिलिंग (तापवून अगदी सावकाश निववून नरम करणे) दोन्ही करणे भाग आहे. पहिल्या पट्टीसाठी ठोकण्याचा मोह टाळावा, असा माझा आग्रह आहे.

हार्डनिंगचे तापमान ८०० ते ८३० अंश. तीन मिलिमीटरच्या पात्यासाठी मी ८१५ धरीन आणि भट्टी पुन्हा त्या आकड्यावर स्थिरावल्यापासून दहा मिनिटे पाते आत ठेवीन. हा वेळ फुकट जात नाही, कारण याच दहा मिनिटांत कार्बाइडमधला थोडा कार्बन विरघळून पोलादात उतरतो आणि त्यावरच कठीणपणा ठरतो. अधिक तापवले की अधिक कठीण होईल, हा समज येथे घातक ठरतो. ठरलेल्या मर्यादेवर गेल्यास जास्त कार्बन विरघळतो, दाणा वाढतो, आतली रचना ठिसूळ होते आणि न बदललेला नरम ऑस्टेनाइटही (तापलेल्या पोलादाची मूळ रचना) शिल्लक राहतो. कानस घासून पाहिली तर ती घसरते, सगळे ठीक वाटते, आणि सुरी पहिल्याच भोपळ्यावर तुटते. चुंबक चिकटेनासा झाला की झाले, ही लोहारांची खूणही येथे अपुरी आहे. लोखंड ७७० अंशांवर चुंबकाला सोडते, पण त्यापुढचे चाळीस-पंचेचाळीस अंश डोळ्यांनी मोजणे आणि दहा मिनिटे तेथेच धरून ठेवणे भात्याच्या भट्टीवर जवळजवळ अशक्य आहे. कोळशावरच काम करायचे असेल तर ईएन-४२जे सारखे सुमारे ०.८ टक्के कार्बनचे साधे पोलाद घ्यावे. त्याला फार वेळ धरावे लागत नाही.

तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. थंड तेल घट्ट असते आणि उष्णता सावकाश ओढते. हार्डनिंगसाठी मिळणारे तेल उत्तम, ते नसेल तर शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे चालते. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो आणि थंड करण्याची त्याची गती भरवशाची नसते. तेलाच्या भांड्याला घट्ट बसणारे धातूचे झाकण हाताशी असावे आणि पेट घेतल्यास पाणी टाकू नये. पाते टोकाकडून सरळ खाली उतरवा आणि धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवे हलवले तर वाकते. अंग हाताला सोसेल इतके निवाले की लगेच टेंपरिंगला (कमी तापमानावर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करायला) घ्या, रात्रभर तसेच ठेवू नका. टेंपरिंग १७० ते १७५ अंशांवर, दोन-दोन तासांचे दोनदा. घरच्या ओव्हनचा आकडा वीस अंशांनीही चुकू शकतो, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा. इतके नीट जमले तर कठीणपणा ६२ ते ६४ रॉकवेलच्या (कठीणपणाच्या मापाच्या) आसपास बसतो. खात्रीसाठी कुपवाड औद्योगिक वसाहतीत रॉकवेलचे यंत्र असलेल्या एखाद्या कारखान्यातून मोजून घेता येईल. त्याच पट्टीचा बोटभर तुकडा सुरीसोबतच तापवून तेलात टाका आणि टेंपरिंगआधी पकडीत धरून मोडा. मोडलेली बाजू राखाडी मखमलीसारखी दिसली तर काम साधले. खडीसाखरेसारखी चमकली तर तापमान चढले आहे, आणि ती सुरी पुढे नेऊ नये.

हे सारे बाहेरून करून घेण्याचा विचार असेल तर सावध असा. डाय-मोल्डची कामे करणाऱ्या बहुतेक हीट ट्रीटमेंट कारखान्यांत आता व्हॅक्युम भट्ट्या आहेत आणि त्यांत काम नायट्रोजन वायूने थंड होते. डी-२ हवेतही कठीण होते, म्हणून त्याला ते पुरते, १.२५१९ ला पुरत नाही. नाव न सांगता पाते त्या खेपेत गेले, तर १०२० अंशांवर भाजून आणि तरीही नरम राहून परत येईल. अनोळखी पोलाद घेण्याची खरी किंमत ही असते की, त्याच्याविषयी आसपास विचारायला कोणी नसते. म्हणून भाच्याला पट्टीबरोबर पुरवठादाराचे तक्ता-पत्रक आणि चाचणी-प्रमाणपत्र अवश्य आणायला सांगा.

प्रमाणपत्राचा आग्रह मी अनुभवाने धरतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून ओएचएनएस म्हणून घेतलेल्या पट्टीच्या चार सुऱ्या मी केल्या. एकही कठीण होईना. मी तापमान बदलले, तेल बदलले, भट्टीचे तापमान मोजणारा थर्मोकपल बदलला. शेवटी कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो (कोणता घटक किती हे सांगणारी चाचणी) करून घेतला, तेव्हा कार्बन अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. महिन्याभराची मेहनत एका तुकड्याच्या चाचणीने वाचली असती. स्पेक्ट्रो नसेल तेथे ग्राइंडरच्या ठिणग्या पुष्कळ सांगतात. भरपूर कार्बनच्या साध्या पोलादाची ठिणगी पिवळसर असते आणि फुलबाजीसारखी फुटते; टंगस्टन आले की ती मंद, लालसर आणि विरळ होते. ईएन-३१ चा ओळखीचा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींच्या ठिणग्या अंधाऱ्या कोपऱ्यात ताडून पाहा.

आकाराविषयी थोडक्यात : हार्डनिंगपूर्वी धारेशी अर्धा मिलिमीटर जाडी ठेवा, कारण भट्टीत वरच्या थरातील कार्बन जळतो आणि तो थर नंतर घासून काढावा लागतो. शेवटी धारेच्या लगत मागे ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडी आणि प्रत्येक बाजूस १२ ते १५ अंशांचा कोन असावा. घासताना पाते सतत पाण्यात बुडवा. या पोलादाचे टेंपरिंग कमी तापमानाचे आहे, धारेवर पिवळी झाक आली तरी कठीणपणा उतरू लागतो. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ही सुरी गंजते. गंज न चढण्यासाठी साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम लागते, येथे सव्वा टक्काच आहे. कैरी, लिंबू, कांदा, केळफूल चिरल्यावर ती काळी-निळी पडेल. तो रंग चांगला, त्याने पुढचा गंज रोखला जातो. तांबडा गंज मात्र लगेच पुसावा, सुरी कोरडी करून ठेवावी आणि पावसाळ्यात खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. नारळ फोडणे, हाडे तोडणे, गोठलेले मासे कापणे यांसाठी ही सुरी नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे पॉवर हॅक्सॉच्या (धातू कापणाऱ्या यंत्र-करवतीच्या) जुन्या पात्यांपासून सुऱ्या करतात आणि त्या ‘हाय स्पीड’ म्हणून विकतात. मी एक पाते आणून कोळशावर लाल केले आणि तेलात बुडवले, पण सुरी पूर्वीपेक्षा वाईट झाली. माझे काय चुकले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भट्टीत घातले, हेच चुकले. वर उल्लेखलेल्या टेलर व व्हाइट यांच्या पोलादाचे हे आजचे वंशज आहे आणि त्याचे हार्डनिंग सुमारे १२०० अंशांवर होते, जे कोळशाच्या भट्टीत साधत नाही. ते पाते कारखान्यातूनच कठीण होऊन आलेले असते, तेव्हा त्याला फक्त घासून आकार द्यायचा. त्याचे टेंपरिंग साडेपाचशे अंशांच्या आसपास झालेले असल्याने घासताना निळी झाक आली तरी ते नरम पडत नाही. साध्या पोलादाला ही मोकळीक नाही. मात्र पाते पूर्ण हाय स्पीडचे आहे का, हे पाहून घ्या, कारण आता पुष्कळ पात्यांत फक्त दात हाय स्पीडचे आणि पाठ साध्या पोलादाची असते. पाठीच्या बाजूने ग्राइंडरला लावून ठिणगी पाहिली की उलगडा होतो. मुठीसाठी भोक पाडायला साधे ड्रिल चालणार नाही, कार्बाइडचे लागेल. अशी सुरी फरशीवर पडली तर तुटते, म्हणून ती फार लांब करू नये.

प्रश्न : ऊसतोडीचे कोयते लवकर बोथट होतात. एचसीएचसीआरचा कोयता करवून घेतला तर हंगामभर धार टिकेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : टिकण्याआधी तो तुटेल. कोयता उसाबरोबर मातीलाही लागतो, अधूनमधून दगडाला लागतो, आणि ६० रॉकवेलचे एचसीएचसीआर असा आडवा घाव सोसत नाही; धारेचे तुकडे पडतात आणि ते उडाले तर डोळ्यांना धोका आहे. तोडणीवर असलेला माणूस फडातच कानस काढून दोन मिनिटांत धार करतो, हेही येथे महत्त्वाचे आहे. एचसीएचसीआरवर कानस चालत नाही, घसरते. जुने लोहार पोलादाला ‘तिखे’ म्हणत आणि मऊ लोखंडाच्या अंगाला तिख्याची धार जोडत, ते याच विचाराने. आज त्या जागी ईएन-४५ योग्य आहे, म्हणजे ट्रकच्या पाट्यांचे सिलिकॉनयुक्त पोलाद. ५० ते ५४ रॉकवेल ठेवले तर ते घाव सोसते आणि कानसही घेते. शक्यतो नवी पट्टी घ्या. जुनीच पाटी वापरायची असेल, तर लोहाराकडे देण्यापूर्वी ती स्वच्छ घासून तिच्यावर रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडी पुसा आणि खडूची पूड चोळा. पाटीत तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. तेवढा भाग कापून टाकावा.